काठी लागण्याआधी

१

त्या बुधवारी सकाळी धुकं इतकं खाली उतरलं होतं की ओरन टॅकेटला स्वतःच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड दिसेना. पाऊस नव्हता, वारा नव्हता, थंडीसुद्धा नाव घेण्यासारखी नव्हती. नुसतं ओलं, पांढरं, गप्प बसलेलं धुकं. नोव्हेंबरात त्या खोऱ्यात धुकं एकदा बसलं की चार-चार दिवस उठत नाही. दोन्ही अंगांना डोंगर, बिचारं जाणार कुठं? पत्र्याच्या कडेवरून थेंब गळत होते आणि प्रत्येक थेंब अगदी कानाशी पडल्यासारखा वाटत होता. धुक्यात आवाज असा जवळ येतो, हे ओरनला माहीत होतं. केंटकीच्या त्या डोंगरात त्यानं चौऱ्याहत्तर हिवाळे काढले होते.

घरामागं त्याची लाकडी खोली होती. बापाच्या वेळी तिथं डुकराचं मांस धुरावर टांगायचे. ओरननं चाळीस वर्षांपूर्वी तिथं टेबल टाकलं, शेगडी मांडली आणि लोकांच्या बंदुका बघायला लागला. धुराचा वास भिंतींतून काही गेला नाही. दाराला कुलूप कधीच नव्हतं. दुरुस्त झालेला माल एका फळीवर असायचा, लोक आपापला उचलून न्यायचे. त्या फळीची एक रीत होती. नळीचं तोंड दाराकडं असलं तर माल बरा आहे, ने आणि खुशाल उडव. तोंड भिंतीकडं असलं तर हात लावू नकोस, आधी ओरनला भेट. ओरनला लिहिणं फारसं जमत नसे, चिठ्ठ्या कोण लिहीत बसणार? म्हणून ही रीत पडली, आणि खोऱ्यातल्या झाडून सगळ्यांना ती पाठ होती.

दहाच्या सुमाराला डेल्मर आला. शेजारच्या व्हर्डीचा एकुलता एक मुलगा, पंचेचाळिशीचा, शाळेची बस चालवणारा. त्यानं काखेतून भांडी पुसायच्या फडक्याचं गाठोडं काढलं आणि टेबलावर असं ठेवलं जसं काही तान्हं मूल आहे.

आत सहाबारी पिस्तूल होतं, शंभराहून जास्त वर्षांचं. फिरकीत बंदुकीची काळी दारू भरायची, वर शिशाची गोळी ठासायची, मागं तांब्याची टोपी बसवायची, त्या जातीचं. नदीपलीकडं एका दातांच्या डॉक्टरच्या घरचा लिलाव होता, तिथं कपाटाच्या तळाशी सापडलं म्हणाला. शनिवारी मैदानावर जुन्या हत्यारांची नेमबाजी होती. डेल्मरला हे तिथं उडवायचं होतं.

"भिंतीवर टांगायला घेतलं असतंस तर मी आत्ताच वा म्हटलं असतं," ओरन म्हणाला.

"टांगायला आईनं माझा बापच टांगलाय की भिंतीवर, फोटोतला. तेवढा पुरे. मला उडवायचंय, काका. तुम्ही फक्त हो म्हणा."

ओरन म्हणाला, बघतो. तो नेहमी एवढंच म्हणायचा.

२

पिस्तूल म्हणजे मुळात सांगाडा. नळी बदलता येते, फिरकी बदलता येते, मुठीची लाकडं तर कुणीही बसवून देईल. पण ज्या पोलादी चौकटीत हे सगळं बसतं, ती चौकट खचली, ताणली किंवा तडकली, तर हातात पिस्तूल नाही, बॉम्ब आहे. चौकटीची वरची पट्टी फुटली तर ती उडते थेट उडवणाऱ्याच्या तोंडाकडं. ओरननं अशी एक उडालेली पाहिली होती, तरुणपणी. त्या माणसाचं नाव तो कधी काढत नसे.

त्यानं सगळे भाग सोडवले. नागडा सांगाडा रॉकेलनं धुतला, पुसला, खिडकीच्या उजेडात भिंगाखाली धरला. वरच्या पट्टीवर पोलादी मोजपट्टी उभी धरली, खालून उजेड येतो का पाहिलं. नाही आला. नळी जिथं फिरवून बसते तिथं खालच्या बाजूला धातू पातळ असतो, बहुतेक तडे तिथनंच निघतात. तिथं त्यानं भिंग टेकवून अर्धा तास घालवला. काही नाही. कुणीतरी फार जपलेलं हत्यार होतं.

मग शेवटची परीक्षा, त्याच्या बापानं शिकवलेली. सांगाडा काळ्या सुती दोऱ्यानं तुळईला टांगायचा, तो हलायचा थांबला की पितळेच्या काठीनं हळूच टोला द्यायचा. धड असेल तर ठणठणीत वाजतो, घंटेसारखा, आणि आवाज लांबत जातो. आत कुठं केसाएवढी चीर असेल तर नुसतं ठक होतं. कुंभाराच्या मडक्याची परीक्षा तीच, पोलादाचीही तीच.

सांगाडा स्थिर झाला. ओरननं काठी उचलली.

ठण्ण करून वाजला. सुंदर वाजला. ओरन मनाशी म्हणाला, चला, डेल्मरचं काम झालं. आणि मग त्याचं लक्ष हाताकडं गेलं. काठी अजून सांगाड्यापासून वीतभर लांब होती.

तो तसाच उभा राहिला. आवाज विरत विरत गेला. छपरावरून थेंब गळत होते.

म्हातारपणी काय होईल सांगता येत नाही, त्यानं स्वतःची समजूत घातली. व्हर्डीच्या अंगणात काही पडलं असेल, धुक्यानं ते इथं आणून टाकलं. त्यानं काठी पुढं नेली आणि टोला दिला.

काठी लागली. आवाज झालाच नाही. ठकसुद्धा नाही. उशीवर बोट टेकवावं तसं.

३

गुरुवारी त्यानं दोरा बदलला, काठी बदलली, शेगडीचं पत्र्याचं धुराडं सुतळीनं घट्ट बांधलं. काही वाजणारं असेल तर ते गप्प करून टाकलं. तरी तेच. हात अजून वाटेत असताना ठण्ण, आणि काठी लागायची तेव्हा मुकं. एकदा त्यानं फसवून बघितलं. हात पुढं नेला आणि मारायचं नाही असं ठरवून मध्येच थांबवला. तेव्हा काहीच वाजलं नाही. जणू सांगाड्याला कळत होतं, टोला खरंच येणार आहे की नाही.

हे मात्र त्याला सोसलं नाही. तो उठून कुंपणाशी गेला आणि व्हर्डीला हाक मारली.

व्हर्डी त्याच्याच वयाची. दोघं एकाच ओढ्यात पोहायला शिकलेली, त्यामुळं तिच्या तोंडाला त्याच्यापुढं कधी दार नव्हतं. हात पुसत आली आणि म्हणाली, दुपारी बारा वाजता बाईमाणसाला बोलावतोस, एक तर तुझं घर पेटलं असेल किंवा डोकं. ओरननं तिला सांगितलं की कान दगा देतायत, मी डोळे मिटून टोला देतो, तू फक्त बघ आणि काय दिसलं ते सांग. दुसरं काही सांगितलं नाही.

त्यानं डोळे मिटले. टोला दिला. डोळे उघडले.

व्हर्डी काठीकडं बघत होती.

"काठी लागली तेव्हा काही वाजलंच नाही," ती म्हणाली.

"मग वाजलं कधी?"

"त्याच्या आधी."

घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं तिनं. मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तिनं शालीचं टोक हातात घट्ट धरलं.

"ओरन," ती म्हणाली, "हे माझा डेल्मर तोंडासमोर धरून उडवणार आहे ना?"

ओरन हो म्हणाला.

मग नाही म्हणून टाक त्याला, असं तिचं म्हणणं. पण ते ओरनच्या जिवावर आलं. चाळीस वर्षांत त्यानं दोष दाखवल्याशिवाय कुणाचं हत्यार नाकारलं नव्हतं. बोट ठेवून दाखवायचं, हे बघ, इथं. नुसतं माझ्या मनाला पटत नाही असं म्हणणारा कारागीर आणि पत्ते मांडून भविष्य सांगणारी बाई यांत फरक काय राहिला? तो तिला म्हणाला, एक दिवस दे, दोष असेल तर काढून दाखवतो. ती उद्या बहिणीकडं चालली होती, शनिवारी दुपारी परतणार होती. दारात थांबून तिनं एकदा त्या टांगलेल्या सांगाड्याकडं पाहिलं आणि पाठ न वळवता, मागं मागं सरकत बाहेर पडली.

४

खडूची परीक्षा सावकाश होते. सांगाडा रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, सकाळी लख्ख पुसायचा, वर स्पिरिटात कालवलेल्या खडूचा पातळ हात द्यायचा. खडू वाळला की पांढराशुभ्र. मग बसून राहायचं. कुठं चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू वर पाझरतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला रेघ उमटली. नळीच्या बुडाशी, खालच्या बाजूला, नखाएवढी.

ओरनचा जीव भांड्यात पडला म्हणायला हरकत नाही. दोष होता. दोष असला की बाकीचं सगळं सरळ होतं. त्यानं खडू धुतला आणि रेघ होती तिथं भिंग लावलं.

धातू आरशासारखा अखंड होता.

त्यानं पुन्हा खडू लावला. आता रेघ बोटाच्या पेराएवढी निघाली आणि वर वळली. पुन्हा धुतलं, भिंगात काही नाही. मग त्यानं सांगाडा स्वयंपाकघरातल्या भट्टीत तासभर मंद तापवला. रॉकेलचा थेंब राहिला असेल तर उडून जाऊ दे. गार झाल्यावर कोरड्या सांगाड्याला खडू लावला. पाझरायला आत काही नव्हतंच. तरी रेघ आली. बुडापासून निघाली, बाजूनं चढली, वरची पट्टी आडवी कापून पलीकडं उतरली. त्याच्या डोळ्यांदेखत आली, घाई न करता, कुणी बारीक कुंचल्यानं ओढावी तशी. आणि खोलीत वास आला, काळी दारू जळल्याचा. कुजक्या अंड्याचा, गंधकाचा. त्या खोलीत आठवडाभर कुणी दारू जाळली नव्हती.

ओरननं खडू पुसून टाकला. दुसऱ्याचं हत्यार सुटं टाकून ठेवायचं नाही हा नेम होता, म्हणून त्यानं एकेक भाग बसवला. फिरकी, नळी, टोपीवर आपटणारा घोडा, चाप, मूठ. आता डेल्मरला काय सांगायचं? तडा नाही, पण तो निघालाय, वाटेत आहे? हसेल तो. जोडलेलं पिस्तूल हातात घेऊन ओरन फळीकडं वळला, आणि खिडकीतून त्याला सफरचंदाच्या झाडाखाली माणूस दिसला.

धुक्यात अर्धा बुडालेला. बस चालवणाऱ्यांचं पिवळट जाकीट. पाठमोरा नव्हता, पण तोंड दिसत नव्हतं, कारण त्यानं दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले होते. कोपर वर आलेले. झुलत होता, पुढं मागं, दात दुखणारं पोर झुलावं तसा.

ओरननं हातातलं फळीवर टाकलं आणि बाहेर धावला.

झाडाखाली कुणी नव्हतं. गवत दवानं पांढरं होतं आणि त्यावर एकही पाऊल नव्हतं. तो किती वेळ तिथं उभा होता कोण जाणे. मग घरात गेला, दार लावलं आणि कपड्यांसकट अंथरुणावर आडवा झाला.

५

शनिवारी सकाळी तो खोलीत आला तेव्हा फळीवर पिस्तूल नव्हतं. त्याच्या जागी ज्वारीच्या काकवीची बरणी होती, झाकणाला लाल फडकं बांधलेली. काम झाल्यावर लोक असं काही ना काही ठेवून जात.

ओरन बरणीकडं बघत राहिला. आपण पिस्तूल कसं ठेवलं होतं ते त्याला आठवेना. मग हाताला आठवलं. तो फळीशी उभा राहिला, खिडकीकडं मान वळवली, हात पुढं केला, आणि हातानं दाखवून दिलं. नळी दाराकडं.

चाळीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती ती फळी.

मैदान पाच मैलांवर होतं. ट्रक धुक्यात दिवे लावून बैलगाडीसारखा चालवावा लागला. वाटेत तो स्वतःशी हिशेब मांडत होता, नेमबाजी दहाला, आत्ता साडेनऊ झालेत, डेल्मर कुठंही वेळेवर पोचत नाही, देवानं त्याला तेवढी एक खोड चांगली दिली आहे. मैदानाच्या फाटकाशी त्यानं ट्रक थांबवला, साखळी काढायला खाली उतरला, आणि तेव्हा बार झाला.

साधा बार नव्हता. त्यात धातू होता. पाठोपाठ काहीतरी भिरभिरत गेल्याचा आवाज, आणि माणसाचा आवाज, शब्द नसलेला.

ओरननं हातातली साखळी टाकली. मग धावला, चौऱ्याहत्तरीचा माणूस धावेल तसा, चिखलातून, तोंडानं काय म्हणत होता ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

धुक्यातून मैदान पुढं आलं. तीसेक माणसं उभी होती. कॉफी पीत होती. कुणीतरी बिस्किटाला लोणी लावत होतं. टेबलाशी डेल्मर उभा होता, फिरकीच्या पाचव्या घरात दारू ओतत. त्यानं वर पाहिलं.

"काय काका, अस्वल मागं लागलं का?"

तोंड अख्खं होतं. दोन्ही डोळे जागच्या जागी. ओरननं त्याचं मनगट धरलं. मग त्यानं विचारलं, आत्ता बार कुणी काढला? माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. मैदानाचा कारभारी म्हणाला, अजून कुणीच नाही, दहा कुठं वाजलेत.

ओरन म्हणाला, हे उडवायचं नाही. डेल्मर म्हणाला, नळी दाराकडं होती, रीत तुमचीच. तेव्हा ओरननं सगळ्यांदेखत सांगितलं की चूक माझी, मी उलटं ठेवलं. ओरनची फळी चुकली हे त्यांना ट्रकला मागं चाकंच नाहीत म्हटल्यासारखं वाटलं.

"बरं, मग दोष कुठं आहे?" डेल्मरनं विचारलं. "दाखवा."

"दाखवता येत नाही."

असं ओरन टॅकेट म्हणाला. कुणी हसलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

६

शेवटी तोडगा डेल्मरनंच काढला. पिस्तूल एका जुन्या टायरला बांधायचं आणि चापाला दोरी लावून ट्रकच्या आडून ओढायची. भरलेलं आहेच, सगळे बार नीट गेले तर ओरनकाकांनी महिनाभर शाळेची बस धुवायची, आतून सुद्धा, पोरांनी चिकटवलेल्या च्युइंगमसकट. स्वतः उभा राहिला असता त्या जागी त्यानं एक खुंटा ठोकला आणि त्यावर आपली टोपी अडकवली. म्हणाला, माझ्या जागी ही उभी राहील, हिला डोकं माझ्याएवढंच आहे.

दोरी ओरननं घेतली.

पहिला बार. दोरी ओढली, मग आवाज झाला, मग धूर. ओरन कान देऊन ऐकत होता. आधी हात, मग आवाज, जसं असायला हवं तसं. दुसरा बार तसाच. डेल्मर दर वेळी पुढं जाऊन घोडा चढवून येत होता. तिसरा बार इतका स्वच्छ गेला की कुणीतरी शीळ घातली.

डेल्मर म्हणाला, पुरे झालं काका, उरलेले मी हातानं काढतो. चालत गेलाही, आणि टायरची गाठ सोडायला वाकला. त्या वेळी ओरनला वाटलं, आपण खरंच म्हातारे झालोय. तीन बार गेले. धुकं, कान, खडू, काय काय म्हणून धरून बसायचं? माणसाचा शनिवार आपण नासवतोय.

तरी त्यानं दोरी हाताभोवती दोन वेढे गुंडाळली. "घोडा चढव आणि इकडं ये," तो म्हणाला. "माझ्यासाठी."

डेल्मरनं उसासा टाकला, घोडा चढवला आणि ट्रकच्या मागं आला.

ओरननं दोरी ओढली.

फाटकाशी ऐकलेलाच आवाज. तोच धातू, तेच भिरभिरणं. फक्त माणसाचा आवाज नव्हता. धूर निवळला तेव्हा खुंट्यावर टोपी नव्हती. ती बारा पावलं मागं पडली होती आणि तिच्या पुढच्या भागातून, कपाळ आणि डोळे असतात तिथून, वरची पट्टी आरपार गेली होती.

डेल्मर टोपीपाशी जाऊन उकिडवा बसला. तिला हात लावला नाही त्यानं. मग तो उठला, ओरनपाशी आला आणि मोठ्या पोरानं बापाला धरावं तसा त्याला धरून उभा राहिला. ओरनला त्याच्या जाकिटाला डिझेलचा वास आला. असा चांगला वास त्याला आयुष्यात कधी आला नव्हता.

नंतर ओरननं सांगाड्याचा तुकडा उचलून खिशातल्या भिंगाखाली धरला. तडा बुडापासून निघाला होता, बाजूनं चढून पट्टी आडवी कापत पलीकडं उतरला होता. जुना तडा असता तर आतून काळा पडला असता, गंजला असता. हा सगळाच्या सगळा साखरेच्या कणांसारखा चकचकीत होता, टोकापासून टोकापर्यंत आत्ता फुटलेला. आज सकाळपर्यंत तिथं काही नव्हतंच. माणसं विचारत होती, काका, तुम्हाला कळलं कसं? तो म्हणाला, हातात बरं बसत नव्हतं. तुकडा त्यानं परत येताना पुलावरून नदीत टाकला.

दुपारी धुकं उठलं. डोंगरांच्या रेघा दिसायला लागल्या. ओरन पायरीवर ऊन खात बसला होता आणि त्याला झोप येत होती, तीन दिवसांची. व्हर्डी कुंपणाशी आली. अजून प्रवासाच्याच कपड्यांत होती, डोळे लाल होते, पण चेहरा धुतलेला. तिनं कुंपणाच्या तारेवर हात ठेवला.

"मैदानावरच्या माणसांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "फाटकाशी तू कसला बार ऐकलास ते मी विचारणार नाही, आणि तूही कधी सांगू नकोस. डेल्मर आत जेवायला बसलाय. बटाट्यात मीठ कमी आहे म्हणून मघापासून कुरकुर चाललीय त्याची, आणि मी मुद्दाम मीठ देत नाहीये, म्हटलं अजून थोडा वेळ कुरकुरू दे. ऊठ, चल, तुझं ताट वाढलंय."